हिरवंगार भात आणि दाण्यातलं कॅडमियम

ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, मग टॉवर आले. तरी शीळ-डायघरच्या बाजूला उरल्यासुरल्या खाचरांत पावसाळ्यात भात लागतंच. सांडपाण्याच्या नाल्याला लागून असलेलं पीक जोमदार दिसलं की सगळे निर्धास्त होतात. मला भीती वाटते ती याचीच. कारखान्यांच्या सांडपाण्यात कॅडमियम हा विषारी धातू असू शकतो, आणि पीक पिवळं पडण्याच्या कितीतरी आधी माणसाला अपाय होईल इतकं कॅडमियम दाण्यात साठू शकतं.

जपानमध्ये तोयामा भागात हेच घडलं. खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीत उतरलं, नदीचं पाणी भातशेतीत गेलं आणि तो भात वर्षानुवर्षं खाणाऱ्यांची, त्यातही वयस्क बायकांची, मूत्रपिंडं निकामी झाली, हाडं साध्या हालचालीनंही मोडू लागली. या 'इताई-इताई' आजाराचं कारण सरकारनं मान्य केलं १९६८ साली. शेतांची माती सुधारण्याचं काम २०१२पर्यंत चाललं.

शिसं बहुतेक मुळांतच अडकतं. कॅडमियमचं तसं नाही. भाताला मँगनीज लागतं आणि मँगनीज आत घेणारं मुळांतलं प्रथिन कॅडमियमलाही आत घेतं. त्यातलं काही मुळांच्या पेशींतच कोंडलं जातं; जे सुटतं ते खोडातून लोंबीत पोचतं.

किती पोचणार, हे पाण्यावरही ठरतं. खाचर तुंबलेलं असताना चिखलात ऑक्सिजन नसतो. कॅडमियम गंधकाशी जोडलं जातं आणि विरघळत नाही. पाणी आटून जमिनीला भेगा पडल्या, की हवा आत शिरते आणि ते मोकळं होतं. पाऊस ओसरतो त्याच सुमारास, सप्टेंबर-ऑक्टोबरात, आपल्याकडे दाणा भरत असतो! मग तोवर बांध घालून पाणी धरून ठेवावं का? कॅडमियमसाठी हो. पण मातीत आर्सेनिक हे दुसरं विष असेल तर उलट होतं. ते तुंबलेल्या पाण्यातच मोकळं होतं. आम्ल जमिनीत चुना घातला तर कॅडमियमचं विरघळणं कमी होतं, पण त्यालाही आधी माती तपासायला हवी.

इथेच घोडं अडतं. माती तपासून सरकार २०१५पासून शेतकऱ्याला जी मृदा आरोग्य पत्रिका देतं, तिच्यात १२ घटक असतात. त्यांत जस्त, लोह, तांबं, मँगनीज आहेत. कॅडमियम, शिसं, आर्सेनिक नाहीत. नाल्याकाठच्या शेतकऱ्याला ही तपासणी सरकारनं फुकट करून द्यायला हवी, कारण घाण त्यानं केलेली नाही. मातीसोबत काढणीनंतरचा तांदूळही तपासावा. पॉलिश केलेल्या तांदळात कॅडमियमची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे ०.४ मिलिग्रॅम आहे.