यहूदाचे शुभवर्तमान : मागची कथा

यहूदा म्हणजे येशूचा विश्वासघात करणारा शिष्य. त्याच्या नावाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या एका प्राचीन ग्रंथात, एक प्रसंग येतो. शिष्य भाकरीवर आभाराची प्रार्थना म्हणत बसलेले असतात. येशू येतो आणि हसतो. शिष्य दुखावतात, आमचं काय चुकलं, विचारतात. मी तुम्हाला हसत नाही, तो म्हणतो, यानं ‘तुमच्या देवाची’ स्तुती होते. ‘तुमच्या’ या शब्दापाशी वाचणारा चपापतो. येशूचा देव वेगळा आहे की काय?

नॉस्टिकांचं, म्हणजे गूढ ज्ञानानं मुक्ती मिळते असं मानणाऱ्या सुरुवातीच्या ख्रिस्ती पंथांचं उत्तर होतं, हो. हे जग एका खालच्या, अजाण शक्तीनं घडवलं. या ग्रंथात तिचं एक नाव साक्लास आहे. खरा देव तिच्या पलीकडे. देह हे वस्त्र, आणि सुटका ज्ञानानं. हे धरून चाललं की विश्वासघाताची गोष्टच पालटते. ‘मला पांघरलेल्या माणसाचा तू बळी देशील,’ असं येशू यहूदाला सांगतो.

ही उलथापालथ हवेतून आलेली नाही. बायबलातल्या मान्य शुभवर्तमानांपैकी मत्तय यहूदानं घेतलेली 30 नाणी सांगतो, योहान त्याला चोर म्हणतो, लूक म्हणतो सैतान त्याच्यात शिरला. यहूदाचा मृत्यूसुद्धा दोन तऱ्हांनी येतो: मत्तयात गळफास, बायबलातल्याच ‘प्रेषितांच्या कृत्यां’त पडून पोट फुटणं. आणि तारणासाठी क्रूस अटळ असेल, तर तिथवर नेणाऱ्याचा दोष किती? हा पेच मान्य शुभवर्तमानांतच आहे. नॉस्टिकांनी तो उघड केला.

इ.स. 180च्या सुमारास ल्यों इथल्या बिशप आयरेनियसनं या नावाच्या ग्रंथाचा धिक्कार केला. 367 साली अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसनं नव्या कराराच्या 27 पुस्तकांची यादी दिली. असल्या लेखनाला तिच्यात जागा नव्हती. पुढे कित्येक शतकं यहूदाचं शुभवर्तमान म्हणजे विरोधकानं केलेला उल्लेख, एवढंच उरलं.

1970च्या दशकात इजिप्तमध्ये मिन्याजवळ कॉप्टिक या जुन्या इजिप्शियन भाषेतली, हाच ग्रंथ असलेली पपायरसची पोथी निघाली. तिचे हाल वाचताना जीव तुटतो. न्यूयॉर्कजवळच्या हिक्सविल गावी बँकेच्या लॉकरमध्ये ती 16 वर्षं पडून होती. नंतर एका विक्रेत्यानं ती चक्क गोठवली. सतराशे वर्षांच्या आसपासची पानं, हात लावताच चुरा. तुकडे जुळवून 2006 साली मजकूर प्रसिद्ध झाला.

पहिल्या भाषांतरात यहूदा जवळपास नायक होता. येशू त्याला ‘तेरावा डायमॉन’ म्हणतो; त्यातल्या ‘डायमॉन’ या ग्रीक शब्दाचा अर्थ तिथे ‘आत्मा’ असा घेतला होता. अभ्यासक एप्रिल डीकोनिक यांनी 2007 साली ठाम आक्षेप घेतला: इथे डायमॉन म्हणजे भूतच. मला त्यांचं म्हणणं पटतं. पण ग्रंथाचा खरा रोख मला यहूदापेक्षा बारा शिष्यांवर वाटतो. त्यांना दृष्टान्तात वेदीपाशी पुरोहित दिसतात. कोणी पोटच्या पोरांचा बळी देतंय, कोणी बायकोचा. ते पुरोहित तुम्हीच, असं येशू सांगतो. दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळीच्या पुढाऱ्यांवर यापेक्षा कडवट आरोप कोणता असेल? ऐतिहासिक यहूदाविषयी मात्र ही पोथी नवं काही हाती देत नाही.

तिच्यात क्रूस नाही, पुनरुत्थान नाही. शेवटी यहुदी शास्त्री यहूदाला विचारतात, तू इथे काय करतोस, तू तर येशूचा शिष्य. तो त्यांना हवं तसं उत्तर देतो, पैसे घेतो आणि येशूला त्यांच्या हवाली करतो. मजकूर तिथेच थांबतो.