शुक्रवारची मालमत्ता, सोमवारची मालमत्ता

'मुस्लिम असूनही लक्षद्वीपमध्ये मातृसत्ता आहे, सगळं बायकांच्या नावावर असतं.' हे वाक्य पुन्हा कुणी पाठवलं की माझा संताप होतो. तिथे मालमत्ता दोन प्रकारची असते आणि त्यांची सरमिसळ केल्यामुळे हा घोळ होतो. (मिनिकॉय बेट बाजूला ठेवा. तिथली भाषा महल आणि रीतही निराळी.)

प्रकारांना वारांची नावं आहेत. 'तिंगळाळ्च' म्हणजे सोमवारची. ती आपल्या ओळखीची आहे: स्वकष्टार्जित. मालक ती हवी त्याला देऊ शकतो आणि त्याच्या पश्चात शरीयतप्रमाणे वाटणी होते, मुलाला दोन वाटे तर मुलीला एक.

'वेळ्ळियाळ्च' म्हणजे शुक्रवारची. हिला कृपा करून 'वडिलोपार्जित' म्हणू नका, वडिलांचा तिच्याशी संबंधच नाही. ती तरवाडाची, म्हणजे आईकडून चालत आलेल्या घराण्याची. समजा, कल्पेनी बेटावरच्या एका माणसाचा तरवाडाच्या माडांत वाटा आहे. त्याच्या बहिणीचाही आहे. नारळ तो हयातभर घेईल, पण तो गेल्यावर त्याच्या मुलांना त्यातलं एक झाडही मिळत नाही, कारण मुलं त्यांच्या आईच्या तरवाडातली. बहिणीच्या मुलांचा हक्क मात्र चालू राहतो. त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेली होडी असेल, तर ती शरीयतने बायकामुलांकडे जाते. माणूस एकच, माड भाच्यांकडे आणि होडी मुलांकडे.

मग 'बायकांच्या नावावर' कुठून आलं? हक्क बाईमार्फत पुढे जातो, पण मालकी अख्ख्या तरवाडाची. एकट्यादुकट्याला ती विकता येत नाही. कारभार बघतो कारणवर, बहुधा थोरला मामा. याला मातृवंश म्हणतात. सत्ता आईच्या हातात असती, तर मामाचं काय काम होतं?

आणि ते 'असूनही' तर मला सगळ्यात जास्त खुपतं. संत उबैदुल्ला यांनी बेटांवर इस्लाम आणला अशी तिथली श्रद्धा आहे, अंद्रोत बेटावरच्या जुम्मा मशिदीत त्यांची कबर आहे. लोक शाफी पंथाचे सुन्नी आहेत आणि २०११ च्या जनगणनेत ९६ टक्क्यांहून जास्त मुस्लिम. त्यांनी तरवाड मोडला नाही की शरीयत सोडली नाही, दोघांना आपापला वार दिला. म्हणून तिथे जमिनीचा तंटा निघाला की आधी ठरवावं लागतं, ती शुक्रवारची की सोमवारची.