साधे कपडे, जुने प्रश्न: सोलापूरच्या गिऱ्हाइकाला काय हवं असतं?

नवी पेठेतल्या शोरूममध्ये रोजच्या वापराचा साधा टी-शर्ट किंवा सुती शर्ट घेणारं गिऱ्हाईक फॅशनबद्दल फारसं विचारत नाही. आटेल का, रंग जाईल का, गळा सैल पडेल का, एवढंच. यातले पहिले दोन प्रश्न रेडीमेडच्या कितीतरी आधीचे. फरक इतकाच, की तेव्हा त्यांचा बंदोबस्त घरी आणि शिंप्याकडे व्हायचा.

सोलापुरात ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी कापड गिरणी 1877 मध्ये उभी राहिली. त्या काळात मँचेस्टरहून येणाऱ्या स्वस्त कापडाला चिनी मातीची खळ भरलेली असायची. दुकानात भरदार वाटणारं कापड पहिल्या धुण्यात विरविरीत व्हायचं. म्हणून तागा उलगडला की अंगठ्याने चोळून पांढरी भुकटी पडते का, ते बघायची रीत. पुढे चाटी गल्लीतून मीटरवर कापड आणलं, की शिवायला टाकण्याआधी ते रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता वाळवायचं. शिंपीही शिवणीत अर्धा-पाऊण इंच मार्जिन ठेवायचा.

कापड गिरणीतच आटवून घ्यायची सॅन्फोरायझिंगची पद्धत 1930 च्या सुमारास अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट यांनी काढली. आपल्याकडेही गिरणीच्या कापडाच्या काठावर ‘सॅन्फोराइज्ड’ असा शिक्का दिसू लागला. मग पॉलिस्टरचं टेरिलीन आणि पॉलिस्टर-सुती मिश्रणाचं टेरिकॉट आलं. ते आटत नाही, इस्त्रीही फार मागत नाही. पण बेचाळीस अंशांच्या उन्हात अंगाला चिकटतं. सोलापूरकर सुतीकडे वळला, त्याचं हे साधं कारण.

रेडीमेडने कापड वाचवायला मार्जिन काढून घेतलं. ओव्हरलॉकच्या (कडा कापत दोऱ्याने गुंफणाऱ्या मशीनच्या) शिवणीत जेमतेम सेंटिमीटरभर कापड उरतं, उसवून वाढवायचं म्हटलं तर जागाच नाही. होजिअरीत, म्हणजे टी-शर्टच्या लवचिक विणीच्या कापडात, 5 टक्के आटणं व्यवहारात चालवून घेतात. 28 इंच लांबीच्या टी-शर्टमध्ये तेच जवळजवळ दीड इंच होतं. कापड कारखान्यात नीट कॉम्पॅक्ट केलेलं (दाबून आधीच आटवलेलं) नसेल, तर आकडा त्याहून वर जातो.

दुसरी तक्रार: धुतल्यावर बाजूची शिवण पोटावर येते. सिंगल जर्सीच्या (साध्या टी-शर्टच्या पातळ विणीच्या कापडाच्या) एकेरी सुताला पीळ जास्त असला, की पाण्यात तो सुटू पाहतो आणि टाके एका अंगाला कलतात. हा दोष सुताचा, शिलाईचा नव्हे. शिंपी तो दुरुस्त करू शकत नाही. गळा मात्र शिलाईवर आणि पट्टीवर अवलंबून. गळ्याच्या रिबमध्ये (ताणणाऱ्या विणीच्या पट्टीत) थोडं लायक्रा, म्हणजे ताणून परत येणारा धागा, आणि मागे खांद्यापासून खांद्यापर्यंत टेप, एवढं असलं तर तो बराच काळ टिकतो.

कापडाच्या वजनाचंही तसंच. रोजच्या टी-शर्टला 160 ते 180 जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) पुरतं. 130 चा पांढरा आरपार दिसतो. कापडाचा 10 बाय 10 सेंटिमीटरचा तुकडा 1.8 ग्रॅम भरला, तर ते 180 जीएसएम. 240 चा जाड माल भारी म्हणून विकला जातो, पण मे महिन्यात तो घालणार कोण?

शर्टाच्या शिलाईबाबत हे शहर चोखंदळ आहे, कारण शाळेचे गणवेश इथेच मोठ्या प्रमाणावर शिवले जातात. पोरगं वाढणार म्हणून पँटच्या खाली दोन इंच दुमड, काखेत दुहेरी शिवण, इंचाला बारा-चौदा टाके, एका ऑर्डरचं सगळं कापड एकाच रंगाईच्या लॉटमधलं. घरात गणवेश शिवणारं कुणी असलं, की शोरूममधला शर्ट आधी उलटा करूनच पाहिला जातो. लेबलवर ‘100 टक्के कॉटन’ असतं; सूत कोम्ब्ड (आखूड तंतू विंचरून काढलेलं) आहे की कार्डेड (नुसतं पिंजलेलं), आटणं किती, हे बहुतेक लेबलं सांगत नाहीत.