घरगुती सिरॅमिक व संमिश्र चिलखत

गोळीपासून छाती व पाठ वाचवण्यासाठी बुलेटप्रूफ जॅकेटात घातली जाणारी कठीण प्लेट हौशी कारागिराने कारखान्याबाहेर, बाजारात मिळणाऱ्या फरशा, काचतंतूंचे कापड आणि इपॉक्सी राळ वापरून तयार केली, की तिला घरगुती सिरॅमिक किंवा संमिश्र चिलखत म्हणतात. अशा प्लेटचे दोन भाग असतात : समोरचा अतिशय कठीण पण ठिसूळ थर गोळी फोडतो आणि मागचा चिवट, तंतुमय थर गोळीचे व फरशीचे तुकडे अडवून धरतो. कृती वरवर सोपी दिसते आणि ओबडधोबड प्लेटनेही एखादी गोळी अडते. मात्र हाती आलेली प्लेट नेमके काय अडवील हे आधी सांगता येणे, हा या विषयातला खरा अवघड भाग आहे.

घरी घडवलेल्या चिलखताचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लोखंडी आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीत नेड केली या दरोडेखोराच्या टोळीने नांगराचे माती पालथी घालणारे पत्रे तापवून, ठोकून चार चिलखते बनवली. २८ जून १८८० रोजी ग्लेनरोवन येथील चकमकीत केलीच्या सुमारे ४४ किलो वजनाच्या चिलखताने छातीवरच्या गोळ्या परतवल्या, पण पोलिसांनी उघड्या पायांवर नेम धरताच तो कोसळला. टोळीतल्या एका चिलखताची २००३ मध्ये शास्त्रीय तपासणी झाली, तेव्हा पत्रा साधारण ७५० अंश सेल्सिअसपर्यंतच तापवला गेल्याचे, म्हणजे काम लोहाराच्या भात्यापेक्षा रानातल्या साध्या आगटीवर झाल्याचे दिसून आले.

ठिसूळ पदार्थ गोळीविरुद्ध उपयोगी पडतो, ही कल्पना त्यानंतरची. १९१८ मध्ये अमेरिकी सैन्यातील मेजर नेव्हिल मन्रो हॉपकिन्स यांना असे आढळले, की पोलादी पत्र्यावर जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा इनॅमलचा, म्हणजे काचेसारख्या लेपाचा, थर चढवला तरी त्याची गोळी अडवण्याची क्षमता वाढते. या निरीक्षणाचा व्यवहारात उपयोग व्हायला १९६० चे दशक उजाडले. व्हिएतनाम युद्धात कमी उंचीवरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरांच्या वैमानिकांसाठी समोर सिरॅमिक आणि मागे काचतंतूंचा थर असलेली आसने व छातीच्या प्लेटा बनू लागल्या. ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधलेल्या तंतूपासून पुढे केव्हलार तयार झाले आणि मागच्या थरासाठी काचतंतूंपेक्षा हलका पर्याय मिळाला. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचे तंतू त्यानंतर आले.

गोळी आदळल्यावरची घटना काही लक्षांश सेकंदांत उरकते. सिरॅमिक दाबाखाली अतिशय बळकट असते, त्यामुळे गोळीचे टोक त्यात शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर चेचले व झिजले जाते. त्याच वेळी आघाताच्या बिंदूपासून मागे पसरत जाणाऱ्या शंकूच्या आकारात सिरॅमिकचा चुरा होतो आणि गोळीच्या टोकावर एकवटलेला भार शंकूच्या रुंद पायावर वाटला जातो. हेच सिरॅमिक ताणाखाली मात्र दुबळे असते. मागून भक्कम आधार नसेल तर फरशी वाकते, मागच्या बाजूने तडकते आणि गोळी झिजवण्यापूर्वीच निकामी होते. आधाराचा थर आणि त्याला फरशीशी जोडणारा डिंक यांना फरशीइतकेच महत्त्व येते ते यामुळे.

व्यवसायात मुख्यतः तीन पदार्थ वापरले जातात : अॅल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड आणि बोरॉन कार्बाइड. त्यांची घनता दर घनसेंटिमीटरला अनुक्रमे सुमारे ३.९, ३.२ आणि २.५ ग्रॅम आहे. २५ × ३० सेंटिमीटरची, ८ मिलिमीटर जाडीची सपाट फरशी घेतली तर ती अॅल्युमिनाची साधारण २.३ किलो, बोरॉन कार्बाइडची दीड किलो आणि त्याच मापाचा पोलादी पत्रा ४.७ किलो भरतो. शिपायाने दिवसभर अंगावर वागवायचे ते हे वजन, आणि त्यात मागच्या थराची भर वेगळी. किंमत नेमकी उलट दिशेने चढते, कारण अॅल्युमिना सुमारे १,६०० अंशांवर भाजून घट्ट करता येते, तर बोरॉन कार्बाइडला २,००० अंशांच्या आसपास उष्णतेसोबत दाबही द्यावा लागतो. हौशी कुंभाराची विजेची भट्टी साधारण १,३०० अंशांवर थांबते. त्यामुळे घरगुती चिलखतातले सिरॅमिक घरी भाजलेले जवळजवळ कधीच नसते. ते विकत आणलेले असते.

विकत मिळणाऱ्यांत सर्वांत स्वस्त म्हणजे घराच्या जमिनीला बसवतात ती व्हिट्रिफाइड किंवा पोर्सेलिन फरशी. चिकणमाती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांच्या या मिश्रणात बराच भाग काचेसारखा असतो, त्यामुळे तिची कठीणता अॅल्युमिनाच्या जवळपासही जात नाही. मऊ शिशाच्या गाभ्याची गोळी ती फोडू शकते. कडक पोलादी गाभ्यापुढे तिचा निभाव लागण्याची शक्यता फार कमी. दुसरा पर्याय कोळसा किंवा सिमेंट वाहून नेणाऱ्या पन्हळींना झीज होऊ नये म्हणून आतून लावतात त्या अॅल्युमिनाच्या चौकोनी किंवा षट्कोनी लहान फरशांचा. त्या चिलखतासाठी बनवलेल्या नसल्या तरी निदान पदार्थ योग्य असतो.

फरशांमागे काचतंतूंचे किंवा अरामिडचे (केव्हलारसारख्या तंतूंचे) कापड राळेत भिजवून थरावर थर दिले जातात, हवा काढण्यासाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत निर्वात करून ते दाबले जातात आणि शेवटी तुकडे उडू नयेत म्हणून संपूर्ण प्लेट कापडाने गुंडाळली जाते. पॉलिएथिलीनच्या थरांना मात्र नियंत्रित तापमानाबरोबर शेकडो टनांच्या दाबयंत्राची गरज असते. त्याचे तंतू दीडशे अंशांच्या आतच वितळत असल्याने घरातल्या इस्त्रीने किंवा ओव्हनने केलेले प्रयोग बहुधा माल वाया घालवतात. फरशी कापताना उडणारी सिलिकायुक्त धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. या कामातला हा धोका गोळीइतका नाट्यमय नसल्याने त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

दोष राहतात ते बहुतेक जोडांमध्ये. चार चौकोनी फरशांचे कोपरे जिथे एकत्र येतात तिथे आधार सर्वांत कमी असतो आणि गोळी जागा विचारून येत नाही. षट्कोनी फरशांत एका ठिकाणी तीनच कोपरे येतात, म्हणून व्यावसायिकांचाही कल तिकडे असतो. सलग एकाच फरशीत सांधा नसतो, पण पहिल्याच गोळीने तडे दूरवर जातात आणि दुसऱ्या गोळीसाठी फारसे काही शिल्लक राहत नाही. डिंकातही अशीच ओढाताण आहे : पातळ व ताठ थर फरशीला चांगला आधार देतो, तर जाड व लवचिक थर शेजारच्या फरशा निखळू देत नाही. राळेत अडकलेला हवेचा बुडबुडा बाहेरून दिसत नाही आणि त्याच्या वरची फरशी प्रत्यक्षात अधांतरी असते.

अधिकृत चाचणीची रीत अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस या संस्थेच्या मानकांमुळे रूढ झाली. तिच्या २००८ च्या मानकानुसार तिसऱ्या श्रेणीच्या प्लेटने ९.६ ग्रॅमची रायफलची गोळी सेकंदाला ८४७ मीटर वेगाने आली असता अडवायची असते, आणि चौथ्या श्रेणीच्या प्लेटने १०.८ ग्रॅमची चिलखतभेदी गोळी ८७८ मीटर वेगाने. प्लेटमागे विशिष्ट प्रकारची मऊ माती ठेवतात. गोळी अडली तरी त्या मातीत उमटलेला खड्डा ४४ मिलिमीटरपेक्षा खोल असता कामा नये, कारण प्लेट आत वाकून बसणारा मुका मारही बरगड्या मोडतो. मातीही आधी तपासली जाते : सुमारे एक किलोचा पोलादी गोळा दोन मीटरवरून टाकला असता साधारण १९ मिलिमीटर खळगा पडला, तरच ती वापरण्याजोगी. ४४ मिलिमीटरची मर्यादा १९७० च्या दशकात शेळ्यांवर, मऊ म्हणजे प्लेट नसलेल्या कापडी जॅकेटांसाठी केलेल्या प्रयोगांतून आली. ती कठीण प्लेटांना लावावी की नाही यावर टीका झाली आहे, तरी ती टिकून आहे. २०२३ च्या सुधारित मानकात श्रेणींची नावे बदलली. भारतात भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७०५१ हे मानक २०१८ पासून आहे आणि त्यात सहा पातळ्या आहेत.

हौशी चाचणीत यातले बहुतेक सुटते. गोळीचा वेग मोजलेला नसतो, माती दुकानातली कोणतीही असते, आणि प्लेट उन्हात तापवून, भिजवून किंवा खाली पाडून मग तपासण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. त्याहून मूलभूत अडचण अशी, की सिरॅमिकची जी प्लेट तपासली ती संपली, आणि जी अंगावर घालायची ती तपासलेली नसते. कारखान्यात एका गठ्ठ्यातल्या काही प्लेटा फोडून उरलेल्यांबद्दल विधान करता येते, कारण त्या सारख्याच बनल्या असल्याची नोंद प्रत्येक टप्प्यावर असते. हाताने बनवलेल्या दोन प्लेटांत ही समानता गृहीत धरता येत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एका तरुणाने चित्रफितीसाठी विश्वकोशाचा जाड खंड छातीशी धरून जवळून पिस्तुलाची गोळी झाडून घेतली व तो मरण पावला. गोळी आरपार न गेलेले दुसरे एक पुस्तक त्याने त्यापूर्वी पुरावा म्हणून दाखवले होते.

कारखान्यातला मालही निर्दोष असतोच असे नाही. झायलॉन या तंतूची जॅकेटे उष्णता व दमटपणाने लवकर कमजोर होतात, हे २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एक पोलीस अधिकारी जखमी झाल्यावर उजेडात आले आणि २००५ मध्ये त्यांची मान्यता काढून घेण्यात आली. मुंबईतही २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर पोलिसांच्या जॅकेटांच्या दर्जावर मोठे वादळ उठले. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने पुढे बोरॉन कार्बाइडवर आधारित ‘भाभा कवच’ विकसित केले. अणुभट्टीत न्यूट्रॉन शोषण्यासाठीही हाच पदार्थ वापरला जातो.

गरज निकडीची असते तेव्हा लोक सिरॅमिकच्या वाटेला जात नाहीत. २०२२ मध्ये रशियाच्या आक्रमणानंतर युक्रेनमधील स्वयंसेवकांनी मोटारींच्या स्प्रिंगांसारखे पोलाद कापून प्लेटा बनवल्या. पोलाद जड असते आणि त्यावर फुटलेल्या गोळीचे तुकडे गळ्याकडे व हनुवटीकडे उडतात, पण त्याचे गुणधर्म सर्वत्र सारखे असतात आणि तडा न जाता ते अनेक गोळ्या सोसते.

कायद्याची स्थिती देशोदेशी वेगळी आहे. अमेरिकेत २००२ पासून हिंसक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना चिलखत बाळगण्यास केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि न्यूयॉर्क राज्याने २०२२ मध्ये ठरावीक व्यवसायांबाहेरच्या लोकांना विक्री थांबवली. ऑस्ट्रेलियात आयातीसाठी परवानगी लागते. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदूक व काडतुसे परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत, त्यामुळे घरी बनवलेल्या प्लेटवर गोळी झाडून पाहण्याचा मार्गच सामान्य माणसाला बहुतांशी बंद आहे.