माठावरचा पेला उचलला गेला तेव्हा

मार्च २०२० च्या अखेरीस करोनामुळे टाळेबंदी लागली, तेव्हा मराठवाड्यात ऊन तापू लागलं होतं. बीडचे कितीतरी ऊसतोड कामगार अजून परजिल्ह्यांतल्या फडांवरच होते. पुढे वाळूजचे आणि जालन्याचे कारखाने हळूहळू सुरू झाले, तेव्हा पारा चाळिशीपार गेला होता. अनेक ठिकाणी माठावरचा सामाईक पेला उचलला गेला. ते योग्यच होतं. त्याच्या जागी ज्याची त्याची बाटली आली, तीही बहुधा एक लिटरची.

उन्हात अंगमेहनत करणाऱ्याच्या शरीरातून तासाभरात एक लिटर घाम सहज जातो. हा घाम वाया जात नाही. एक लिटर घाम त्वचेवरून वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि कडक उन्हात शरीर थंड ठेवण्याचा दुसरा मोठा मार्ग नाही. साठ किलोच्या माणसानं सव्वा लिटरच्या आसपास पाणी गमावलं, म्हणजे वजनाच्या दोन टक्के, की काम मंदावतं, डोकं जड होतं, लक्ष उडतं. कोयता किंवा यंत्र हातात असताना लक्ष उडणं किती महाग पडतं, हे कामगाराला सांगायला नको.

मग तहान काय करते? रक्तातलं पाणी कमी होऊन क्षार दाटले की मेंदू दोन आदेश देतो: मूत्रपिंडांनी पाणी राखावं आणि माणसानं प्यावं. पण चार घोट पोटात गेले की तोंड, घसा आणि जठराकडून निरोप जातो आणि तहान शमते, गेलेलं पाणी भरून निघण्याच्या कितीतरी आधी. म्हणून घाम गाळणाऱ्यानं फक्त तहानेवर विसंबणं धोक्याचं.

महामारीत तर तहान लागूनही लोक पीत नव्हते. पीपीई किट चढवलेल्या परिचारिका आणि वॉर्डबॉय ड्यूटीच्या आधीपासूनच पाणी तोडायचे, कारण लघवीला जायचं तर किट उतरवावं लागे आणि ते वाया जाई. त्या बंद कपड्यात घाम वाळत नाही. तो नुसता निथळतो, अंग थंड होत नाही आणि पाणी मात्र जातं. फडातल्या बायकांना तर ही कसरत महामारीच्या आधीपासून ठाऊक आहे. आडोसा नाही, म्हणून पाणी नाही. लघवीची जळजळ सुरू झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणायचं आणि पुन्हा मोळी उचलायची. मला यातलं सगळ्यात चीड आणणारं हेच वाटतं: प्रश्न संडासाचा असतो आणि भोगतं मूत्रपिंड.

निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये ऊस तोडणाऱ्या तरण्याताठ्या पुरुषांची मूत्रपिंडं निकामी होताना दिसली, मधुमेह किंवा रक्तदाब नसतानाही. सगळी कारणं अजून उलगडलेली नाहीत, पण उष्णतेतली कष्टाची कामं आणि रोजची पाण्याची तूट यांवर संशोधकांचा मोठा संशय आहे. आपल्याकडेही तोडणीची मजुरी टनावर मिळते. थांबलं की पैसा थांबतो.

त्या काळात दर पंधरा मिनिटांनी पाणी प्या, विषाणू पोटात वाहून जाईल, असा संदेश मोबाइलवर फिरत होता. तसं काही होत नाही; विषाणू श्वासाबरोबर आत शिरतो. पण उन्हात राबणाऱ्यासाठी पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, हे प्रमाण उष्णतेसाठी खरंच योग्य आहे. तासाला दीड लिटरच्या वर मात्र जाऊ नये. नुसतं पाणी भडाभडा प्यायल्यानं रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि तेही जिवावर बेतू शकतं. बराच वेळ घाम गाळायचा असेल तर मीठ घातलेलं ताक, आंबील, वेळेवर खाल्लेली भाकरी पुरेशी ठरते. ताप किंवा जुलाब असतील तर ओआरएस, म्हणजे साखर-मिठाची जलसंजीवनी, घ्यावं: त्यातली साखर आतड्यात सोडियमला आत ओढायला मदत करते आणि पाणी त्यांच्यामागून जातं.

लघवी फिकी पिवळी असेल तर बहुधा पाणी पुरतंय. गडद आणि थोडी होत असेल तर नाही. पण हे बघायला जायची जागा हवी. जारचं पाणी कामापासून शंभर पावलांच्या आत, प्रत्येकाला वेगळा पेला, बायकांसाठी दार लागणारा संडास आणि पाणी प्यायला थांबल्याबद्दल मजुरी न कापणं, एवढं मुकादमानं आणि कारखान्यानं द्यायलाच हवं.