बुडबुडे थांबले म्हणजे बिअर तयार झाली, असं नाही

‘एअरलॉकमधले बुडबुडे थांबले की बिअर झाली, भरा बाटलीत.’ घरी पहिल्यांदाच बिअर करणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे आणि धोक्याचाही.

एअरलॉक म्हणजे डब्याच्या झाकणातली पाणी भरलेली नळी. तिच्यातले बुडबुडे एवढंच सांगतात, की वायू त्या वाटेनं बाहेर पडतोय. झाकणाचं रबर सैल असेल तर तो बाजूनं निसटतो. आत यीस्टचं काम, म्हणजे साखरेचं अल्कोहोल आणि वायू करणं, जोरात आणि एअरलॉक गप्प. उलट खोली तापली की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि काम संपूनही बुडबुडे येत राहतात.

कोल्हापुरात जानेवारीतली रात्र 15 अंशांपर्यंत उतरते. एल प्रकारच्या (उबेत आंबणाऱ्या बिअरच्या) यीस्टला साधारण 18 ते 22 अंश मानवतात. गारठ्यात ते सुस्तावतं, साखर तशीच उरते. अशी बिअर बाटलीत गेली आणि मार्चचं ऊन तापलं, की यीस्ट पुन्हा कामाला लागतं. वायूला वाट नसते. बाटली फुटते, काचा उडतात.

खरी खूण द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर देतो. दूध संस्थेत लॅक्टोमीटर बुडवतात, तत्त्व तेच. साध्या पाण्याचं रीडिंग 1.000; साखर जास्त तितकं तेही जास्त. सुरुवातीच्या 1.048 वरून रीडिंग 1.010 च्या आसपास आलं आणि दोन-तीन दिवस हललं नाही, तरच बाटल्या काढा. 1.020 वरच अडकलं असेल तर डबा आधी उबेला ठेवा. (महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार बिअर करायला परवाना लागतो, हेही ध्यानात असू द्या.)

बाटल्या जाड काचेच्या, बिअरच्याच. बिअरला फेस यावा म्हणून भरताना लिटरमागे 6-7 ग्रॅम साखर, तीही चमच्याच्या अंदाजानं नको, काट्यावर तोलून. मग 20 अंशांच्या आसपास दोन आठवडे.