सर्व्हरला चार डिस्क दिसतात, असते एकच

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पतसंस्था आणि दवाखान्यांत मोठे सर्व्हर आले, तसा एक गैरसमजही आला. स्टोरेजमधून, म्हणजे डिस्क ठेवलेल्या वेगळ्या पेटीतून, २ टीबी जागा दिली आणि सर्व्हरवर २ टीबीच्या चार डिस्क दिसल्या, म्हणजे ८ टीबी मिळाले! तसं काही झालेलं नसतं. डिस्क एकच असते. दिसतात त्या तिच्यापर्यंत जाणाऱ्या वाटा. हे न ओळखता त्यातल्या दोन ‘डिस्क’ वेगवेगळ्या फॉरमॅट केल्या, तर दुसऱ्या वेळी पहिलीवरचा डेटा उडतो.

वाटा चारच का? सर्व्हरला स्टोरेजशी जोडणाऱ्या फायबर चॅनेल कार्डाला दोन पोर्ट, प्रत्येक पोर्ट वेगळ्या स्विचला, आणि प्रत्येक स्विच स्टोरेजच्या दोन्ही कंट्रोलरना (डिस्कचा कारभार बघणाऱ्या भागांना) जोडलेला. दोन दुणे चार. गोव्याहून बेळगावला चोर्ल्यातून या, अनमोडमार्गे या, नाहीतर तिलारीवरून चंदगडमार्गे या. गाव तेच, आणि पावसात एक घाट बंद पडला तरी येणं अडत नाही.

सर्व्हरला हे कळतं कसं, हा भाग मला फार आवडतो. लिनक्स सापडेल त्या क्रमाने नावं देतं: एसडीबी, एसडीसी, एसडीडी, एसडीई. रीस्टार्टनंतर ती बदलू शकतात, म्हणून त्यांच्यावर विसंबायचं नाही. प्रत्येक वाटेवरून ‘इन्क्वायरी’ ही स्कझी (डिस्कशी बोलायची ठरलेली भाषा) आज्ञा जाते आणि माहितीचं पान ८३ मागते. उत्तरात डिस्कचा कायमचा ओळखक्रमांक येतो. बऱ्याच स्टोरेजमध्ये तो १२८ बिटांचा, म्हणजे ३२ षोडशमान (० ते ९ आणि ए ते एफ) अंकांचा असतो. पहिला अंक ६, हा क्रमांकाचा प्रकार. पुढचे सहा अंक उत्पादक कंपनीचे, ते आयईईई ही संस्था वाटून देते. उरलेले २५ कंपनीने त्या डिस्कला स्वतः दिलेले. चारही वाटांवरून तोच क्रमांक आला, की लिनक्सची मल्टिपाथ ही सोय त्यांची मोट बांधून एकच उपकरण तयार करतं. फॉरमॅट, माउंट, सगळं त्याच एका नावाने करायचं.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा करण्याची आपल्याकडे रीत आहे, जरूर हात जोडा. पण रॅकला लिंबू-मिरची बांधून वाट तुटायची थांबत नाही, आणि उदबत्तीची राख तर घातकच. मल्टिमोड फायबरचा गाभा ५० मायक्रॉनचा. जोडणीच्या टोकावर राखेचा कण बसला, तर वाट तुटते, जुळते, पुन्हा तुटते. पुरत्या बंद पडलेल्या वाटेपेक्षा अशी वाट जास्त छळते.

सगळ्याच वाटा गेल्या तर काय करायचं, हे मल्टिपाथच्या ‘नो पाथ रिट्राय’ या सेटिंगमध्ये आधीच ठरवावं लागतं. ‘क्यू’ ठेवलं तर मागण्या रांगेत थांबतात आणि डेटाबेस गोठल्यासारखा दिसतो. ‘फेल’ ठेवलं तर लगेच एरर येतो. एकच सर्व्हर असलेल्या पतसंस्थेत मी तिथे ठरावीक प्रयत्नांचा आकडा घालतो. मग काम सुरू करण्याआधी सर्व्हरची एक केबल हाताने काढून बघायची: मल्टिपाथच्या यादीत दोन वाटा ‘फेल्ड’ दिसल्या पाहिजेत, फाइल लिहिणं चालूच राहिलं पाहिजे, आणि केबल परत लावल्यावर त्या दोन्ही आपोआप ‘अ‍ॅक्टिव्ह’ झाल्या पाहिजेत.